चौकात न संपणारी सायकल लेन: एक रस्ता बदलण्याची सविस्तर पद्धत

रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा ओढलेला असतो, त्यात सायकलचं चित्र. मोकळ्या, सरळ भागात हा पट्टा चांगला ऐसपैस असतो. बसथांबा आला की तो अंग चोरतो, आणि चौक वीस-तीस मीटरवर आला की दिसेनासा होतो. सायकलवाल्याला आधाराची खरी गरज चौकात, आणि नेमकं तिथंच त्याला गाड्यांच्या गर्दीत सोडून दिलेलं. वर्षभराने कुणीतरी रिकाम्या पट्ट्याकडे बोट दाखवतं आणि म्हणतं, "एवढी लेन केली, पण वापरतंय कोण?"

ज्या पुलाच्या मधल्या दोन फळ्या गायब आहेत त्यावरून कुणी नदी ओलांडत नाही, उरलेल्या फळ्या कितीही भक्कम असोत. म्हणून या लेखातली सगळी पद्धत एकाच गोष्टीभोवती फिरते: निघालो त्या दारापासून पोचलो त्या दारापर्यंत सायकलवाला कुठेही एकटा पडता कामा नये. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते आपल्या भागातला एखादा रस्ता बदलू पाहणारे रहिवासी, त्यांचे लोकप्रतिनिधी, आणि हे काम ज्याच्या टेबलावर येणार आहे तो अभियंता.

आधी हे ठरवा: लेन कुणासाठी?

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६ साली शहरातल्या लोकांचे चार गट मांडले. कुठल्याही रस्त्यावर बिनधास्त सायकल घालणारे एक टक्काही नाहीत. थोडी सोय असली की विश्वासाने चालवणारे साधारण ७ टक्के. काही झालं तरी सायकलला हात न लावणारे सुमारे ३३ टक्के. आणि उरलेले जवळजवळ ६० टक्के असे, की ज्यांना सायकल चालवायची आहे पण गाड्यांची भीती वाटते. आकडे शहरागणिक बदलतील, पण हा मोठा मधला गट सगळीकडे सापडतो.

अडचण अशी की आराखड्यावर मत द्यायला येतात ते पहिल्या दोन गटांतले. सराईत मंडळी. त्यांना रंगाचा पट्टाही पुरतो. काहींना तर वेगळी लेनच नको असते. साठ टक्के लोक बैठकीला येत नाहीत, कारण ते स्वतःला सायकलवाले समजतच नाहीत. आराखडा त्यांच्यासाठी करायचा असतो, आणि खोलीत ते नसतात.

म्हणून कागदावर पहिल्याच ओळीत एक कसोटी लिहून ठेवा: या रस्त्यावरून दहा वर्षांचं मूल एकटं शाळेत जाईल का? आणि पिशवी लटकवून निघालेली सत्तरीची बाई? "नाही" असं उत्तर आलं, तर नेमकं कुठे नाही, कोणत्या वळणावर, कोणत्या फाटकापाशी, हे त्या मुलाच्या आईवडिलांनाच विचारा. ते बोट ठेवून दाखवतात. ती ठिकाणं म्हणजेच तुमच्या कामाची यादी.

सायकलींचा देश म्हणून नेदरलँड्सचं नाव घेतलं की "त्यांचं वेगळंच आहे हो" असं ऐकू येतं. तिथेही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचा पूर आला होता आणि सायकली मागे पडत चालल्या होत्या. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसं मेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. "मुलांच्या हत्या थांबवा" अशा अर्थाचं नाव घेऊन पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलसंकटात मोटारींविना रविवार पाळले गेले, आणि रिकामा रस्ता कसा दिसतो ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. आज दिसणारे सायकलमार्ग त्या आंदोलनातून आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या चिकाटीतून आले आहेत.

पायरी १: रस्त्यावर उभं राहून मोजा

वाद घालण्याआधी आकडे हातात असू द्यात. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. चार माणसं, कागद, पेन्सिल, लांब मोजपट्टी आणि फोनमधलं घड्याळ पुरतं.

आठवड्याच्या मधल्या दोन दिवशी आणि एका सुट्टीच्या दिवशी, सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकी दोन तास मोजा. दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना ठेवा. मोजायची ती वाहनं आणि त्यांच्यातली माणसंही. मोटारीत किती जण, बसमध्ये अंदाजे किती, पायी किती, सायकलवर किती. हा एक बदल केला की चित्र पालटतं. निव्वळ वाहनं मोजली तर रस्ता मोटारींचा वाटतो. माणसं मोजली तर बसवाले आणि पायी चालणारे पुढे येतात. सायकलवाल्यांमध्ये स्त्रिया किती आणि मुलं किती, हे वेगळं लिहा. ज्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या स्त्रिया कमी, तो रस्ता लोकांना धोक्याचा वाटतो असं धरायला हरकत नाही. इतका सोपा आणि इतका खरा निर्देशांक मला दुसरा माहीत नाही.

मग वेग. रस्त्यावर ५० मीटरवर दोन खुणा करा आणि पहाटे किंवा दुपारी, रस्ता मोकळा असताना, शंभर गाड्यांना लागणारे सेकंद लिहून काढा. ५० मीटरला ३.६ सेकंद म्हणजे ताशी ५० किलोमीटर, ६ सेकंद म्हणजे ३०. हे वेग चढत्या क्रमाने लावा आणि पंच्याऐंशीवा आकडा पाहा. फलकावर काय लिहिलंय त्यापेक्षा हा आकडा रस्त्याचं खरं रूप सांगतो.

शेवटी रुंदी. एका इमारतीच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, किमान पाच ठिकाणी. सर्वांत अरुंद जागा कुठे आहे ते लाल पेनाने लिहा. तुमच्या आराखड्याचं भवितव्य तिथे ठरणार आहे. झाडं, विजेचे खांब, चेंबरची झाकणं, पावसाळी गटाराच्या जाळ्या, फाटकं, बसथांबे, सगळं नकाशावर चढवा. आणि उभ्या गाड्या: एका दिवसात दर तासाला एक फेरी मारून पार्किंगच्या किती जागा भरल्या आहेत आणि तीच गाडी किती तास उभी आहे ते नोंदवा. हा तक्ता पुढे आठव्या पायरीला कामी येणार आहे, तेव्हा कंटाळा करू नका.

पायरी २: एक रस्ता निवडताना जाळ्याचा विचार

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्समध्ये हेग आणि तिलबर्ग या दोन शहरांत एकेक देखणा सायकलमार्ग बांधला गेला. मार्ग चांगले होते, त्यांच्यावर सायकलीही वाढल्या. पण शहरातल्या एकूण सायकलवापरात फारसा फरक पडला नाही, कारण मार्गाच्या दोन्ही टोकांना पुन्हा जुनाच रस्ता होता. मग १९८० च्या दशकात डेल्फ्टने दुसरी वाट धरली. एक दिमाखदार मार्ग बांधण्याऐवजी तुटलेले तुकडे जोडले: इथे कालव्यावर छोटा पूल, तिथे एकेरी रस्त्यावर सायकलींना उलट दिशेने मुभा, पलीकडे एक भुयारी वाट. त्यांच्या आराखड्यात तीन पदरी जाळं होतं. शहरभर धावणारे मुख्य मार्ग साधारण अर्ध्या किलोमीटरच्या अंतरावर, वस्तीपातळीवरचे २०० ते ३०० मीटरवर, आणि घरापासच्या गल्ल्या १०० मीटरवर.

स्पेनमधल्या सेव्हिलने हा धडा सर्वांत वेगाने गिरवला. २००६ पासून दोनेक वर्षांत तिथे सुमारे ८० किलोमीटर लांबीचं, एकमेकांना जोडलेलं, गाड्यांपासून वेगळं काढलेलं जाळं उभं राहिलं. त्याआधी सेव्हिलमध्ये सायकल नावापुरतीच होती. काही वर्षांत सायकलफेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर जाणारं ते शहर आहे, "आमच्याकडे ऊन फार" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तुमच्या हाती एकच रस्ता असेल तर? तर असा निवडा जो आधीच्या दोन शांत वस्त्यांना जोडतो, ज्याच्या एका टोकाला शाळा किंवा रेल्वेस्थानक आहे, आणि ज्याला आज पर्याय नाही. नकाशावर शहरातल्या शांत गल्ल्या हिरव्या रंगवा. मधे मधे हिरवा रंग ज्या मोठ्या रस्त्यांनी, नाल्याने किंवा रेल्वेरुळांनी तोडला आहे, तिथे काम काढा. नदीकाठची निवांत, फोटोत छान दिसणारी जागा मोह घालते. तिथे अडचण कमी असते म्हणून ती आधी घेतली जाते, आणि रोज कामाला जाणाऱ्याला तिचा उपयोग नसतो.

पायरी ३: वेग ठरवा, लेनचा प्रकार आपोआप ठरेल

सगळ्या रस्त्यांना वेगळी लेन लागत नाही. जिथे गाड्यांचा प्रत्यक्ष वेग ताशी ३० च्या आत आहे आणि दिवसाला साधारण २,००० पेक्षा कमी गाड्या जातात, तिथे सायकल आणि मोटार एकत्र नांदू शकतात. वेग ५० च्या आसपास असेल तर मधे भौतिक आडोसा हवाच. रंगाच्या रेषेवर भागवू नका. बऱ्याच रस्त्यांवर सर्वांत स्वस्त सायकल लेन म्हणजे गाड्यांचा वेग कमी करणं आणि पलीकडे जाण्यासाठी गल्लीतून घुसणाऱ्या गाड्या बंद करणं.

वेगाचं गणित एकदा नीट समजून घ्या, बैठकीत ते सांगावं लागतं. चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरू. तेवढ्यात ३० च्या वेगाची गाडी ८ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी ५ मीटरवर थांबते. एकूण १३ मीटर. ५० च्या वेगाची गाडी त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबलेली आहे, तिथे दुसरीने ब्रेकसुद्धा लावलेला नाही, आणि ती पूर्ण ५० च्या वेगाने येऊन आदळते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५० ची धडक ३० च्या पावणेतीन पट जोराची.

नॉर्वेची राजधानी ओस्लोमध्ये २०१९ साली रस्त्यावर एकही पादचारी किंवा सायकलवाला मेला नाही. त्यामागे कमी वेगमर्यादा, मध्यवस्तीतून हटवलेलं पार्किंग आणि शाळांभोवती अडवलेल्या गाड्या, असं सगळं होतं.

गल्लीतून आरपार जाणाऱ्या गाड्या बंद करायला दोन कुंड्या किंवा तीन खांब पुरतात. सायकल आणि पायी माणूस पार होतो. मोटारीला घरापर्यंत येता येतं, पण पलीकडे निघता येत नाही. हेच शहराच्या पातळीवर नेदरलँड्समधल्या खोनिंगननं सप्टेंबर १९७७ मध्ये केलं. शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले, आणि मोटारीला एका भागातून थेट दुसऱ्यात जाण्याची वाट बंद केली. बाहेरच्या वळणरस्त्याने फिरून यायचं. व्यापाऱ्यांचा विरोध जोरदार होता. योजना टिकली. बेल्जियममधल्या गेंटनं एप्रिल २०१७ मध्ये याच धर्तीवर आपला मध्यभाग बदलला.

पायरी ४: रुंदीचा हिशेब

"जागाच नाही" हे वाक्य मोजपट्टीसमोर सहसा टिकत नाही. समजा भिंतीपासून भिंतीपर्यंत १८ मीटर आहेत. आज दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचे पदपथ, अडीच-अडीच मीटर उभ्या गाड्या, आणि मधे १० मीटर. या दहा मीटरमध्ये दोन दिशांच्या दोनच लेन आहेत, प्रत्येकी ५ मीटरच्या. इतकी ऐसपैस लेन चालकाला वेग वाढवायला बोलावते.

आता नवी मांडणी. दोन पदपथ २.४ मीटरचे, मिळून ४.८. दोन्ही बाजूंना २ मीटरची सायकल लेन, मिळून ४. मधे गाड्यांच्या दोन लेन ३ मीटरच्या, मिळून ६. एका बाजूला २ मीटर पार्किंग. पार्किंग आणि सायकल लेन यांच्यामध्ये ०.८ मीटरचा पट्टा, दुसऱ्या बाजूला ०.४ चा कठडा. बेरीज करून पाहा: बरोबर १८. त्या रस्त्याने बस धावत असेल तर लेन ३.२ किंवा ३.३ ची करा आणि पार्किंग आणखी आक्रसा.

हा ०.८ मीटरचा पट्टा वाचवावा असं आराखडा करणाऱ्याला हमखास वाटतं. वाचवू नका. मोटारीचं दार उघडतं ते जवळपास मीटरभर, आणि धडकेत सायकलवाला फेकला जातो तो चालत्या गाड्यांच्या बाजूला. सायकल लेन पार्किंगच्या आत, पदपथाच्या बाजूला असली की उभ्या गाड्याच आडोसा होतात. न्यूयॉर्कने २००७ मध्ये नाइन्थ ॲव्हेन्यूवर हेच केलं: पार्किंगची ओळ उचलून रस्त्याच्या मध्याकडे सरकवली आणि कडेची मोकळी झालेली जागा सायकलींना दिली. ही युक्ती स्वस्त आहे, कारण त्यात गटार आणि पदपथ जागचे हलत नाहीत.

लेनची रुंदी दीड मीटरवर आणायची वेळ आली तर एखाद्या अडचणीच्या ठिकाणी, थोड्या अंतरापुरती आणा. सबंध रस्त्यावर नको. दीड मीटरमध्ये मागचा पुढच्याला ओलांडू शकत नाही, आणि तीन चाकांची मालवाहू सायकल आली की सगळी रांग तिच्या वेगाने चालते. आई आणि मूल शेजारी शेजारी बोलत जाऊ शकतील एवढी रुंदी हवी. एकाच बाजूला दोन्ही दिशांची लेन करायची तर ३ मीटर किमान, ४ असतील तर उत्तम. मात्र दुहेरी लेन चौकात त्रास देते, कारण वळणाऱ्या चालकाला उलट दिशेने येणारी सायकल अपेक्षित नसते. फाटकं आणि गल्ल्या कमी असलेल्या, नदी किंवा रेल्वेलगतच्या रस्त्यालाच ती शोभते.

जागेच्या वादात एक आकडा फार उपयोगी आहे. अमेरिकेतल्या शहरी वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार साधारण ३ मीटरच्या पट्ट्यातून तासाला खासगी मोटारींतून ६०० ते १,६०० माणसं जातात. तेवढ्याच रुंदीच्या बसच्या राखीव लेनमधून ४,००० ते ८,०००, आणि दुहेरी सायकल लेनमधून ६,५०० ते ७,५००. ज्याला रस्त्याची कोंडी खरोखर फोडायची आहे त्याने हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

पायरी ५: चौक

इथे घाई करू नका. शहरातले सायकलींचे गंभीर अपघात मोठ्या प्रमाणात चौकात आणि वळणांवर होतात. सर्वांत घातक प्रसंग ठरलेला आहे: सायकलवाला सरळ निघालेला, शेजारचा ट्रक त्याच्याच बाजूला वळतो. डावीकडून वाहनं चालवणाऱ्या देशांत डावीकडे, उजवीकडून चालवणाऱ्यांत उजवीकडे. उंच केबिनमधल्या चालकाला आपल्या बाजूला खेटून असलेली सायकल दिसतच नाही. इथे कुणाला बेसावध म्हणून चालत नाही. ती जागाच तशी आखली गेली आहे. म्हणून जागा बदलायची.

उपाय चार, आणि ते एकत्र करायचे असतात.

पहिला: कोपऱ्यावर लहान बेट. त्यामुळे गाडीला वळण घट्ट घ्यावं लागतं आणि वेग १५ च्या आसपास उतरतो. आज बहुतेक चौकांचे कोपरे इतके गोलाकार असतात की गाडी वेग न कमी करता वळते. मोठ्या वाहनांसाठी बेटाची कड थोडी उतरती ठेवता येते, म्हणजे बस किंवा अग्निशामक गाडीचं मागचं चाक त्यावरून जाईल.

दुसरा: सायकलींची ओलांडण्याची जागा चौकाच्या कोपऱ्यापासून साधारण ५ मीटर मागे घ्या, म्हणजे एका मोटारीच्या लांबीएवढी. वळलेली गाडी आता जवळजवळ काटकोनात सायकलींसमोर येते. चालकाला आरशात शोधावं लागत नाही, सायकलवाला समोरच्या काचेतून दिसतो. शिवाय थांबलेली गाडी मागच्यांची वाट अडवत नाही.

तिसरा: सायकलींची थांबण्याची रेषा गाड्यांच्या पुढे. लाल सिग्नलला सायकली पुढे दिसतात, आणि धूर खात मागे थांबावं लागत नाही.

चौथा: सिग्नलची वेळ. सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना ३ ते ७ सेकंद आधी हिरवा द्या. वळणाऱ्या गाड्या निघेपर्यंत ते चौकाच्या मध्यावर पोचलेले असतात. वळणाऱ्या गाड्या खूपच असतील तर त्यांना वेगळा सिग्नल द्या आणि त्या वेळी सायकलींचा लाल ठेवा. चौक २० मीटर रुंद असेल तर ताशी १५ च्या वेगाने आलेल्या सायकलला तो ओलांडायला ५ सेकंद लागतात; पिवळा ३ सेकंदांचा असेल, तर शेवटच्या क्षणी शिरलेली सायकल आडव्या गाड्या सुटताना मधेच सापडते. सगळीकडे लाल असण्याचे दोन-तीन सेकंद त्यासाठी हवेत. घड्याळ घेऊन उभं राहा आणि एका आजोबांना सायकलने चौक ओलांडायला सांगा. सिग्नल त्यांच्या वेळेवर लावा.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनने याच्याही पुढे जाऊन नोरेब्रोगाडे या वर्दळीच्या रस्त्यावर सिग्नल अशा क्रमाने बांधले की ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला गर्दीच्या वेळी ओळीने हिरवे मिळत जातात. सायकलवाल्याला पाय खाली टेकावा लागत नाही. तिथले लोक सायकल का चालवतात असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात की ती लवकर पोचवते आणि सोयीची आहे. पर्यावरणाचं कारण फार मागे येतं. सिग्नल लावताना हे ध्यानात ठेवा: माणूस सोयीकडे वळतो.

गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथे वेगळा चौक करण्याची गरज नाही. पदपथ आणि सायकल लेन त्याच उंचीवर, त्याच रंगात गल्लीच्या तोंडावरून अखंड न्या. गाडीला चढून-उतरून यावं लागेल, आणि पाहुणा कोण हे न सांगता कळेल.

पायरी ६: बारीकसारीक, पण याच गोष्टी लेन मारतात

बसथांबा: लेन बसच्या आणि पदपथाच्या मधून, थांब्याच्या मागच्या बाजूने न्या. प्रवासी उतरतात ते एका बेटावर, आणि तिथून लहान झेब्रा पट्ट्यावरून पदपथावर. बेट निदान दोन मीटर रुंद हवं, आणि दृष्टिहीनांसाठी उंचवट्याच्या फरशा विसरू नका. ही मागणी करायला अंध व्यक्तींच्या संघटनेला आराखड्याच्या पहिल्याच बैठकीला बोलवा. बांधून झाल्यावर बोलावणं हे वरातीमागून घोडं.

पृष्ठभाग: गुळगुळीत डांबर किंवा काँक्रीट. फरशांचे ठोकळे दिसायला नीटस असले तरी सायकलच्या हँडलला त्यांचा प्रत्येक सांधा कळतो, आणि दोन पावसाळ्यांत ते खचतात. गटाराच्या जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेला आडव्या असाव्यात, नाहीतर चाक अडकतं. लेनची कड ५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको आणि तिरकी हवी. उभ्या उंच कडेला पेडल आपटतं.

आडवे खांब: लेनच्या तोंडाशी मोटार शिरू नये म्हणून खांब लावले जातात. दोन खांबांत दीड मीटर अंतर ठेवा, म्हणजे मालवाहू सायकल आणि व्हीलचेअर जाईल. मोटारसायकल यातूनही शिरेल. तिला अडवायला नागमोडी लोखंडी फाटकं लावतात, तेव्हा व्हीलचेअर, तीनचाकी आणि मुलाची गाडी जोडलेली सायकल अडते आणि मोटारसायकलवाला कशीबशी वाट काढतोच. ती फाटकं मला पटत नाहीत. मोटारसायकल लेनमध्ये शिरते ती बहुधा शेजारची कोंडी टाळायला, आणि त्यावर नियमित दंड हाच इलाज. सुरुवातीच्या तीन महिन्यांत तो सातत्याने झाला तर सवय लागते.

दिवे: रस्त्याच्या मध्यावर प्रकाश टाकणारे खांब लेनला अंधारात ठेवतात. रात्री एकदा जाऊन पाहा.

सायकली ठेवायची जागा: उलट्या यू आकाराचा साधा लोखंडी दांडा सर्वांत चांगला, सांगाडा आणि चाक दोन्हींना कुलूप लागतं. एका मोटारीच्या जागेत दहाएक सायकली मावतात. स्थानकापाशी मात्र छप्पर आणि राखण हवी. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या रेल्वेस्थानकाखाली २०१९ मध्ये १२,५०० सायकलींचं वाहनतळ पूर्ण झालं, आणि त्यात सायकलवरूनच फलाटाजवळ पोचता येतं. सायकल आणि रेल्वे एकत्र आली की दोन्हींची पोच वाढते; बस आणि रेल्वेचा विचार बाजूला ठेवून केलेली सायकल लेन अर्धवटच राहते.

पायरी ७: आधी तात्पुरतं करा

काँक्रीट ओतण्याआधी रंग, रबरी ठोकळे, कुंड्या आणि लवचीक खांब वापरून सबंध मांडणी सहा महिने चालवून पाहा. वरच्या १८ मीटरच्या उदाहरणात पदपथाची कड हलवायची नाही असं ठरवलं, तर दोन कडांमध्ये १५ मीटर उरतात. त्यात लेन, पार्किंग आणि आडोसे मिळून १३.२ बसतात, उरलेले १.८ मीटर कुंड्या मांडून पायी चालणाऱ्यांना द्या. गटारं हलवण्याचा खर्च निर्णय पक्का झाल्यावर.

२००९ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये गाड्या बंद केल्या तेव्हा शहराच्या वाहतूक आयुक्त जेनेट सादिक-खान यांनी तिथे घडीच्या साध्या खुर्च्या मांडल्या. लोक येऊन बसले. आज तिथे कायमचा चौक आहे. पॅरिसनं २०२० च्या वसंतात रू द रिव्होली या मोठ्या रस्त्यावरून खासगी मोटारी हटवल्या आणि पिवळ्या रंगाने लेन आखल्या. त्या वर्षी तात्पुरत्या म्हणून आलेल्या कितीतरी लेन पुढे कायम झाल्या. कोलंबियाची राजधानी बोगोटाची परंपरा तर १९७४ पासूनची: दर रविवारी मुख्य रस्ते गाड्यांना बंद आणि माणसांना खुले.

तात्पुरतं म्हणजे अर्धवट मात्र नव्हे. चौकाची बेटं आणि सिग्नलची वेळ चाचणीतही असायला हवी, नाहीतर तुम्ही तुटकी लेन तपासता आणि लेन चालत नाही असा निष्कर्ष काढता. पहिले दोन-तीन आठवडे गोंधळाचे जातात. त्या काळात काढलेल्या फोटोंवर निर्णय होऊ देऊ नका. चाचणीची मुदत आणि कोणते आकडे पाहून ठरवायचं ते आधीच लेखी मान्य करून घ्या.

पायरी ८: दुकानदार, पार्किंग आणि "कोंडी वाढेल"

दुकानदारांची भीती खरी असते, तिला हसू नका. त्यांच्याकडे एकेकट्याने जा, बैठकीत नव्हे. विचारा: तुमची शंभर गिऱ्हाइकं येतात त्यांतली मोटारीने किती? मग दुकानाबाहेर उभं राहून गिऱ्हाइकांनाच विचारा. वेगवेगळ्या शहरांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे की मोटारीने येणाऱ्यांचा अंदाज दुकानदार बराच जास्त करतात. पहिल्या पायरीतला पार्किंगचा तक्ता इथे काढा. दुकानासमोरची जागा दिवसभर एकाच गाडीने अडवलेली असते, आणि ती बऱ्याचदा त्याच ओळीतल्या कुणाची तरी असते. माल उतरवायला वेळ ठरवून राखीव जागा दिली, ती आखून दिली, तर निम्मा विरोध ओसरतो. ही जागा आराखड्यात नसेल तर मालाचा टेम्पो सायकल लेनमध्येच उभा राहील.

कोंडीच्या मुद्द्याला उत्तर द्यायला दक्षिण कोरियाची राजधानी सोलचं उदाहरण आहे. शहराच्या मधोमध असलेला उन्नत रस्ता २००३ मध्ये पाडायला घेतला, आणि २००५ मध्ये त्याच्या जागी चॉन्गेचॉन हा ओढा वाहता झाला. भाकीत केलेली वाहतुकीची दाणादाण झाली नाही. काही जणांनी वेळ बदलली, काही जण बस आणि मेट्रोकडे वळले, काही फेऱ्या झाल्याच नाहीत. रस्ता रुंद केला की नव्या गाड्या येऊन तो भरतात. उलट दिशेनेही हेच चालतं. पण एक गोष्ट मान्य करा, कारण ती खरी आहे: बस चांगली नसेल तर मोटार सोडणाऱ्याला जायला जागा नसते. म्हणून सायकल लेनच्या मागणीबरोबर त्याच कागदावर बसच्या राखीव लेनची आणि फेऱ्यांची मागणी लिहा.

रुग्णवाहिकेचा प्रश्न येतोच. ३ मीटरच्या दुहेरी लेनमधून रुग्णवाहिका जाऊ शकते, आणि सायकलींना बाजूला होणं मोटारींपेक्षा सोपं असतं. आराखडा अग्निशमन दलाला दाखवून त्यांची गाडी प्रत्यक्ष वळवून घ्या, आणि त्यांची सही घ्या.

पायरी ९: देखभाल

लेनवर काच, पालापाचोळा आणि बांधकामाची खडी साचते. मोटारींच्या चाकांनी रस्त्याची मधली बाजू आपोआप साफ होते, लेनची होत नाही. रस्ता झाडणारी मोठी गाडी आडोशाच्या आत शिरत नसेल तर लहान यंत्राची तरतूद आधी करा. कोपनहेगनमध्ये बर्फ पडला की महत्त्वाच्या सायकलमार्गांवरचा बर्फ आधी काढला जातो.

रस्ता खोदणाऱ्या प्रत्येक खात्याला परवान्यातच अट घाला: खोदकाम चालू असताना सायकलींसाठी पर्यायी वाट, आणि बुजवल्यावर लेनचा पृष्ठभाग आधीसारखा. तुटलेला लवचीक खांब किती दिवसांत बदलायचा तेही कंत्राटात लिहा. पाच खांब तुटले की सहाव्या दिवशी तिथे गाडी उभी राहते, आणि दहाव्या दिवशी ती लेन राहत नाही.

आणि वर्षाने त्याच चार माणसांना, त्याच जागी, त्याच वारी, त्याच पंधरा मिनिटांच्या रकान्यांसह पुन्हा उभं करा. सायकली किती वाढल्या हे लिहाच, पण स्त्रिया आणि मुलांचा रकाना आधी पाहा. तो हलला नसेल, तर पुन्हा त्या आईवडिलांकडे जा आणि आता कोणत्या जागेवर बोट ठेवता ते विचारा.